घोडीची आयाळ मधूनच जातेय? तेल लावण्याआधी कातडी बघा

विचारलेलं थोडक्यात असं: मागच्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून सहा वर्षांची काठियावाडी घोडी आणली. नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला शेतावर बांधलेली असते. आणली तेव्हा आयाळ मानेभर होती. जुलैपासून ती खुंट्याला, झाडाला, गव्हाणीला मान घासते. आता पोळा होऊन गेला, तर आयाळीत जागोजागी टक्कल पडलंय आणि उरलेले केस खरखरीत, गुंतलेले. कुणी मोहरीचं तेल सांगितलं, कुणी अंडं, आणि एकाने तर सगळी आयाळ भादरून टाका, म्हणजे दाट येईल, असं सांगितलं. डिसेंबरात पुतण्याची वरात याच घोडीवरून काढायची आहे. तोवर आयाळ परत येईल का?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे घाई कुठे करायची आणि कुठे नाही ते कळेल. डिसेंबरपर्यंत पूर्ण आयाळ येणार नाही. आयाळीचा केस महिन्याला साधारण दीड ते दोन सेंटिमीटर वाढतो. वीतभर आयाळ व्हायला वर्ष लागतं. आज खाज थांबली तर डिसेंबरात टकलाच्या जागी दोन-तीन बोटं उंचीचे उभे केस दिसतील, इतकंच. पण वरातीपुरती आयाळ सजवून नीट दिसेल अशी करता येते, ते पुढे सांगतो.

भादरण्याचं मात्र डोक्यातून काढून टाका. केस कातडीखालच्या मुळातून येतो, वरून वस्तरा फिरवल्याने मुळाला काही कळत नाही. पोलोच्या घोड्यांची आयाळ काढतात ती काठी आणि लगाम तिच्यात अडकू नयेत म्हणून. तुमच्या घोडीला सध्या मानेवर जे थोडेफार केस आहेत तेच माश्यांपासून तिचं रक्षण करतायत. ते काढले तर सगळी मान उघडी पडेल आणि खाज दुप्पट होईल. कपाळावरची झुलूपसुद्धा तशीच राहू द्या, डोळ्यांवरच्या माश्या तीच हाकलते.

आणखी एक गोष्ट. काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांची आयाळ जातीनेच बारीक आणि विरळ असते. मोबाइलवर दिसणारे गुडघ्यापर्यंत आयाळ लोंबणारे काळे घोडे वेगळ्या जातीचे आहेत, त्यांच्याशी हिची बरोबरी करू नका. तुलना करायचीच तर यात्रेतल्या फोटोशी करा, आणि तीही जरा जपून, कारण यात्रेत विकायला आणलेलं जनावर तेल लावून, विंचरून, चकचकीत करूनच उभं केलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. आयाळ जाते तेव्हा लोक केसांकडे बघतात, आणि मी आधी कातडी बघायला सांगतो. घासून तुटलेल्या केसाला जगातलं कुठलंही तेल पुरणार नाही, जोवर ती घासायची थांबत नाही. म्हणून उद्या सकाळी एवढं करा. कोवळं ऊन मानेवर पडेल अशी तिला उभी करा, एकाने मोहरकी (तोंडावर बांधतात ती पट्टी) धरावी, तुम्ही खांद्याजवळ उभे राहा. कानामागून सुरू करून खोगीर सुरू होतं तिथपर्यंत आयाळ बोटाबोटाने दुभागत जा, जशी आई लेकराच्या डोक्यात उवा बघते. घाई करू नका. प्रत्येक भांगात तीन गोष्टी बघा: केस मुळातून गेलाय की अर्ध्यातून तुटलाय, कातडी कशी आहे, आणि काही हलतंय का.

केस बोटभर उंचीवर तुटलेले, टोकं झाडूसारखी फिसकारलेली, कातडी जाड, सुरकुतलेली, कोंडा भरलेला, कुठे ओल्या खपल्या, आणि हात लावताच ती मान तुमच्या अंगावर रेलून वरचा ओठ हलवायला लागली, तर बहुतेक चिलटांची ॲलर्जी. जुलैपासून सुरू झालंय म्हणता, त्यामुळे माझा पहिला संशय इकडेच आहे. शेपटीचं मूळही बघा, तिथेही असंच घासलेलं असेल तर संशय पक्का होतो. डासाहून कितीतरी बारीक, एक ते तीन मिलिमीटरची ही चिलटं ओल्या चिखलात, शेणात, डबक्याच्या काठाला वाढतात आणि सूर्य मावळताना व उगवताना चावतात. त्यांच्या लाळेची काही घोड्यांनाच ॲलर्जी असते. एकाच तबेल्यात एक घोडी रात्रभर घासते आणि शेजारची शांत उभी असते, ते यामुळेच.

यावर सगळ्यात गुणकारी उपाय सगळ्यात साधा आहे: पंखा. चिलटांचे पंख कमजोर असतात, वाऱ्यात त्यांना उडता येत नाही. दिवस मावळायच्या तासभर आधी घोडी आत घ्या आणि मानेवर, पाठीवर वारा लागेल असा मोठा पंखा सकाळी ऊन वर येईपर्यंत चालू ठेवा. वायर तिच्या दातांच्या आवाक्याबाहेर असावी. नागपुरात घरोघरी कूलर असतो, पावसाळ्यात त्याचं पाणी काढून नुसता पंखा चालवला तरी काम होतं. पाणी मात्र भरलेलं ठेवू नका, आधीच ओल आहे त्यात आणखी दमटपणा नको. साधी मच्छरदाणी लावून उपयोग नाही, तिच्या भोकांतून चिलटं आरामात आत येतात, जाळी बारीक विणीचीच लागते. उकिरडा तबेल्यापासून दूर न्या, टाक्याखालचा चिखल मुरूम टाकून बुजवा. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची आपल्याकडे रीत आहे. उघड्या जागी, वाऱ्याच्या दिशेने थोडी केली तर हरकत नाही, पण बंद तबेल्यात धूर कोंडू नका. घोड्याची छाती धुराला आणि धुळीला फार नाजूक असते, आयाळ वाचवताना दमा लावून बसाल.

कातडी फारच सुजली असेल, रक्त येत असेल तर डॉक्टर खाज कमी करणारं इंजेक्शन देतील. ते त्यांनीच द्यावं. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड आणून स्वतः टोचू नका, त्याने घोड्याच्या खुरांना सूज येऊन जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं.

उवा असतील तर केसांच्या मुळाशी पिवळट-तपकिरी, चपटा जीव हळू सरकताना दिसतो आणि केसाला चिकटलेल्या पांढऱ्या लिखा बोटाने निघत नाहीत. उवांचा जोर थंडीत जास्त, अंगावर केस दाट असतात तेव्हा. पण यात्रेत एकाच खराऱ्याने दहा घोडे घासले जातात, त्यामुळे तिथूनही आल्या असतील. घोड्याच्या उवा माणसाला लागत नाहीत, घाबरू नका. औषध एकदा लावून भागत नाही, लिखा फुटून पुन्हा उवा होतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी परत लावावं लागतं.

गजकर्ण असेल तर गोल चट्टे पडतात, वर राखेसारखा कोंडा, आणि ते मानेपुरते न राहता खोगिराखाली, तोंडावरही दिसतात. हे माणसाला लागतं. हातमोजे घाला, पोरांना दूर ठेवा, त्या घोडीचा ब्रश, खोगिराखालची गादी, मोहरकी दुसऱ्या जनावराला वापरू नका. कातडी खरवडून तपासणी करायची सोय सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. अंदाजाने मलम लावण्यापेक्षा एक सकाळ खर्च करून ते करून घेतलेलं बरं.

शेपूटच जास्त घासत असेल आणि मागच्या जागेभोवती पिवळसर राखाडी थर दिसत असेल तर पोटातले जंत बघा. हा वेगळा विषय आहे, डॉक्टर जंताचं औषध वजनाप्रमाणे सांगतील.

आणि कधीकधी यातलं काहीच नसतं. कातडी स्वच्छ, मऊ, केस मात्र मानेच्या मधोमध हातभर पट्ट्यात एका रेषेत तुटलेले. असं दिसलं तर गव्हाणीकडे जा. वरचा आडवा बांबू किंवा पाइप तेवढ्याच उंचीवर असेल, आणि चारा खाताना ती रोज मान त्याखालून घालत असेल. तो बांबू किंवा पाइप काढून टाका, प्रश्न संपला. कानामागेच केस गेले असतील तर नायलॉनची मोहरकी बघा. ती कापते. सुताची किंवा मऊ चामड्याची घ्या, आणि आत बांधायची गरज नसेल तेव्हा रात्री काढून ठेवा. कानामागे मोहरकी बसते तिथे तीन-चार बोटं केस कापून जागा मोकळी करतात, त्यात वाईट काही नाही. त्यापेक्षा मागे कात्री नेऊ नका, मोकळी झालेली जागा भरायला वर्ष जातं.

आता एक गोष्ट जी विदर्भात मला वारंवार दिसते आणि जिच्याबद्दल कुणी विचारत नाही. तुमच्या बांधावर सुबाभूळ आहे का? शेळ्यांसाठी लावलेली असते, हिरवीगार असते, उन्हाळ्यात दुसरं काही हिरवं नसतं म्हणून साईस (घोडी सांभाळणारा गडी) दोन फांद्या घोडीपुढेही टाकतो. सुबाभळीच्या पानांत आणि शेंगांत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. शेळी-गाईच्या पोटातले जिवाणू ते बऱ्याच अंशी पचवून टाकतात. घोड्याचं पोट तसं नाही. घोड्याने ती रोज खाल्ली की आयाळीचे आणि शेपटीचे केस मुळातून सुटायला लागतात. ओळख सोपी आहे: घासणं नाही, खपली नाही, कातडी निरोगी, पण कंगव्यात केसांचे पुंजके मुळासकट येतात. खुरांवरही आडव्या रेघा उमटतात. कामठीच्या बाजूला एका शेतावर मला बोलावलं होतं, दोन घोड्यांची शेपटी अगदी दांडीसारखी झाली होती आणि मालक महिनाभर शाम्पू बदलत होता. गोठ्यामागे सुबाभळीची ओळ होती. फांद्या बंद केल्या आणि काही महिन्यांत केस परत आले. सेलेनियम गरजेपेक्षा जास्त झालं तरी असेच केस गळतात, म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या शक्तिवर्धक पावडरी एकत्र करून खाऊ घालू नका.

खाण्याचं निघालंच आहे तर बोलूनच टाकतो. केस प्रथिनांचा बनतो, तेव्हा तो पोटातून येतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा हवाच, तो चांगल्या गवताचा असेल तर उत्तम. नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर (भुशावर) आणि गव्हाच्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या अंगावर तकाकी येत नाही, आणि कोंडा जास्त झाला तर हाडांतलं कॅल्शियम कमी होतं. भिजवलेला हरभरा, थोडी लसूणघास, रोज दोन चमचे मीठ, आणि आपल्याकडचं जवस. जवस मूठभर, उकळून किंवा भाजून दळून. कच्चं भिजवून तसंच देऊ नका. सोयाबीन द्यायचं तर तेही भाजूनच. बायोटिनच्या गोळ्यांचा उपयोग खुरांना होतो आणि तोही सहा-नऊ महिन्यांनी, आयाळीसाठी म्हणून त्यावर पैसे घालवू नका असं माझं मत आहे.

औषधांबद्दल एक इशारा, आणि हा घरातल्या सगळ्यांना, साईसलाही सांगा. बैलांच्या गोचिडांसाठी जे अमिट्राझचं औषध शेतावर असतं ते घोड्याला लावायचं नाही, फवारायचं नाही. त्याने घोड्याचं आतडं थांबतं, पोटात गोळा अडकतो आणि जनावर मरूही शकतं. घोड्यांना चालणारी पर्मेथ्रिनची औषधं मिळतात, डॉक्टरांना विचारून तीच घ्या. रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल यांनी कातडी भाजते, तेही नको.

कारण सापडलं, खाज थांबली, की मग हात आणि कंगवा. सुरुवात बोटांनी. पावसाळ्यानंतर आयाळीत गोखरू, आघाडा, कुसळं अडकलेली असतात, ती खोबरेल लावलेल्या बोटांनी एकेक सोडवा, ओढून काढू नका. मग अंगठ्याएवढी एक बट घ्या. मुळापासून दोन-तीन बोटं खाली ती डाव्या मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ मुठीवर येते, कातडीवर नाही. उजव्या हाताने रुंद दातांचा कंगवा आधी शेवटच्या चार बोटांत फिरवा. तिथे मोकळं झालं की चार बोटं वर. असं करत मुळाकडे या. तट तट असा आवाज आला तर थांबा, तो केस तुटल्याचा आवाज आहे. बोटांनी गुंता उकला आणि पुन्हा सुरू करा. ओला केस ताणला जातो आणि तुटतो, म्हणून धुतल्यावर लगेच कंगवा घालायचा नाही, जवळजवळ वाळू द्यायचा. रोज विंचरायची गरज नाही. खरारा रोज करा, आयाळ आठवड्यातून एक-दोनदा पुरे. जितकी कमी ओढाल तितकी ती राहील.

धुणं पावसाळ्यात महिन्यातून एकदा, तेही उघडीप पाहून. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर असतो तेव्हा मानेवर घाम आणि धूळ मिळून चिखल बसतो, त्या दिवसांत सकाळी साध्या पाण्याने मान ओतून काढा, शाम्पू दोन-तीन आठवड्यांतून एकदाच. घोड्याची कातडी आपल्यासारखी आम्ल नसते, तिचा कल उदासीनतेकडे असतो, म्हणून घोड्याचा शाम्पू मिळाला तर तो घ्या. नाही मिळाला तर लहान मुलांचा सौम्य शाम्पू भरपूर पाण्यात मिसळून. भांड्यांचा साबण, धुण्याची पावडर नको. रिठा चालतो, पण डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. खरी मेहनत शाम्पू काढण्यात आहे: मुळाशी बोटं घालून पाणी ओता, निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. राहिलेल्या फेसाने होणारी खाज लोक रोग समजतात. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटच्या दोन बादल्या साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याच्या घ्या.

तेलाचं विचारलंत. मोहरीचं तेल कातडीवर चोळून उन्हात बांधणं मला अजिबात मान्य नाही. आधीच खाजणारी कातडी त्याने आणखी जळजळते. अंड्याने वास येतो आणि माश्या येतात, त्यापलीकडे काही होत नाही. प्रथिनं तिला खाऊन मिळतात, वरून लावून नाही. खोबरेल चांगलं, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. पण ते केसांना, मुळाशी नाही, तळहातावर चमचाभर घेऊन, आणि धुण्याच्या आदल्या रात्री. तेल लावून मोकळ्या शेतात सोडलेल्या घोडीच्या आयाळीत दुपारपर्यंत धूळ बसते आणि संध्याकाळी गुंता होतो. उरलेली लांब आयाळ सैल वेण्यांत ठेवा. वेणी मुळाशी दोन बोटं सोडून सुरू करायची, सुती पट्टीने बांधायची, आठ-दहा दिवसांत सोडून पुन्हा घालायची. मुळाशी कसून बांधलेली वेणी मान खाली घालताच केस उपटते. चिलटांचा मोसम असेपर्यंत मात्र वेण्या नकोत, केस मानेवर पसरलेले हवेत.

आता वरात. नोव्हेंबरात हवा कोरडी होते, चिलटं कमी होतात, तेव्हापासून तिची मान सावरू लागेल. टकलाच्या जागी नवे केस उभे राहतील, ते कापून सपाट करायचा मोह होईल, करू नका. ओल्या हाताने एका बाजूला वळवा आणि तासभर मऊ कापड बांधून ठेवा, रोज. सजवणाऱ्याला आधीच बजावा: नवीन केसांत रबर, चिकटपट्टी, पिना काही नाही, आणि केस रंगवायचे नाहीत. मानेवर जरीची किंवा मखमलीची रुंद पट्टी टाका, ती मोहरकीला आणि खोगिराला बांधली जाते, केसांना नाही. वरून झेंडू आणि शेवंतीच्या माळा सोडल्या की टक्कल कुणाला दिसणार नाही. मागचे लांब केस तीन-चार सैल वेण्यांत गुंफून त्यात गोंडे अडकवा. हे सगळं आठवडाभर आधी एकदा घालून बघा, बँडच्या आवाजात पहिल्यांदा माळा मानेवर आल्या तर ती बिथरेल.

वरात संपल्यावर सजावट त्याच रात्री काढा, सकाळवर ढकलू नका. माळांचे दोरे कात्रीने कापताना कात्रीचं टोक मानेपासून दूर ठेवा. चमकी किंवा स्प्रे मारलेला असेल तर तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात धुवा, डिसेंबरात नागपुरात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, ओल्या मानेने तिला रात्रभर बांधू नका. आणि त्याआधी, उद्याच्या उद्या, त्या भांगांचे उन्हातले जवळून काढलेले फोटो आणि शेपटीच्या मुळाचा एक फोटो डॉक्टरांना दाखवा. ओल्या खपल्या किंवा गोल चट्टे असतील तर फोटोवर थांबू नका, घोडी दाखवा.